जगाची भूक आणि ज्वारीचे ताट

संयुक्त राष्ट्रसंघाच्या गणनेनुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. १९२७ च्या सुमारास ती २०० कोटी होती. म्हणजे एका दीर्घायुषी माणसाच्या हयातीत ती चौपट झाली. राष्ट्रसंघाच्या २०२४ सालच्या अंदाजाप्रमाणे ही वाढ यापुढे मंदावत जाईल आणि २०८० नंतरच्या दशकात सुमारे १,०३० कोटींवर जाऊन थांबेल. तथापि, तोपर्यंत आणखी २०० कोटी माणसांच्या पोटाची व्यवस्था करावयाची आहे, आणि तीही हवामान पूर्वीसारखे राहिलेले नसताना. हा प्रश्न केवळ जागतिक परिषदांचा नाही. तो गावच्या शिवाराचा, पाणवठ्याचा आणि रेशन दुकानाचाही आहे. म्हणूनच पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

भाकीत का चुकले?

इंग्लंडमधील माल्थस या विचारवंताने १७९८ साली असे प्रतिपादन केले की, लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि अखेर दुष्काळ, रोगराई व युद्धे तिला आवर घालतात. त्या वेळी जगात १०० कोटी माणसेही नव्हती. पुढील दोन शतकांनी हे भाकीत खोटे ठरविले, परंतु ते आपोआप खोटे ठरले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याची पद्धत निघाली आणि १९१३ साली तिचा कारखाना उभा राहिला. त्यामुळे रासायनिक खत मुबलक झाले. पुढे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी बुटक्या गव्हाचे वाण विकसित केले. खताची जादा मात्रा दिली तरी हा गहू लोळत नसे. याच कार्यासाठी त्यांना १९७० चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वाण येथील परिस्थितीला अनुरूप करून घेतले. १९६६ च्या सुमारास आपण वर्षाला जवळपास १ कोटी टन धान्य बाहेरून आणत होतो. देशातील गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख टन होते, ते १९७०-७१ मध्ये २ कोटी ३८ लाख टनांवर पोहोचले. एकूण अन्नधान्य १९५०-५१ मधील सुमारे ५ कोटी टनांवरून २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांच्या घरात गेले. ही कामगिरी असामान्य आहे, यात संशय नाही.

परंतु या यशाची एक अट होती. नवे वाण खात्रीचे पाणी, वेळेवर खत आणि ठरल्या वेळी ठरल्यासारखे वागणारे हवामान गृहीत धरून तयार झाले होते. त्याबरोबरच जगाचे जेवण थोड्या पिकांवर येऊन टेकले. माणसाला वनस्पतींपासून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा आज तांदूळ, गहू आणि मका या तीन धान्यांतून येते. तीन खांबांवर उभे केलेले छप्पर हवा शांत असेपर्यंत निर्धास्त असते. वारा सुटला की खांब किती आहेत, हे मोजण्याची वेळ येते.

हवा बदलली म्हणजे पिकाचे काय होते?

तापमानवाढ म्हणजे केवळ उन्हाळा थोडा कडक होणे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. पिकाच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक गंभीर आहे. दाणा भरण्याच्या काळात उष्णता वाढली, तर पीक घाईने पक्व होते आणि दाणा बारीक राहतो. फुलोऱ्यात उष्णता वाढली, तर परागकण निकामी होऊन दाणाच धरत नाही. जगभरातील अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करून शास्त्रज्ञांनी २०१७ साली एक अंदाज मांडला. जागतिक सरासरी तापमान एक अंशाने वाढले आणि त्यावर काहीच उपाय केला नाही, तर उत्पादन मक्यात सुमारे ७.४ टक्के, गव्हात ६ टक्के, तांदळात ३.२ टक्के आणि सोयाबीनमध्ये ३.१ टक्के घटते. आपल्या जेवणाचे तिन्ही खांब या यादीत आहेत.

याचा प्रत्यय आपल्याला आलेला आहे. मार्च २०२२ हा देशातील १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तर भारतात गहू नेमका दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. उत्पादनाचा आधीचा अंदाज खाली आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली. पुढील वर्षी, जुलै २०२३ मध्ये, बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविण्यात आली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. जगातील तांदळाच्या व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के असल्यामुळे या एका निर्णयाचे पडसाद आफ्रिका व आशियातील अनेक आयातदार देशांत उमटले. एका देशाच्या शेतावरील ऊन दुसऱ्या देशाच्या ताटात कसे उतरते, याचे हे उदाहरण होय.

पावसाचेही तसेच आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस लांबतो, आणि पडतो तेव्हा थोड्या तासांत भरमसाट पडतो. पावसाची वार्षिक बेरीज कदाचित तीच राहते, पण तिची विभागणी बिघडते. ऑगस्ट २०२३ हा १९०१ नंतरचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उलट, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टीने उभी पिके गेली व कित्येक ठिकाणी शेतातील मातीही वाहून गेली. एकाच शेतकऱ्याने दोन वर्षांच्या अंतराने प्रथम पाण्यावाचून आणि नंतर पाण्यामुळे पीक गमवावे, अशी ही स्थिती आहे.

आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू वाढला की गहू व तांदूळ यांच्या दाण्यातील प्रथिने, लोह आणि जस्त यांचे प्रमाण घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे पोते तेवढेच भरेल, पण त्यातील पोषण कमी असेल.

प्रश्न केवळ पोत्यांचा नाही

संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसे उपाशी किंवा अर्धपोटी होती. सकस आहार ज्यांना परवडत नाही, अशांची संख्या सुमारे २६० कोटी होती. दुसरीकडे, २०२२ या एका वर्षात घरे, खानावळी व दुकाने यांतून मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असा राष्ट्रसंघाच्या पर्यावरणविषयक संस्थेचा अंदाज आहे. तेव्हा जगात धान्य नाही म्हणून माणसे उपाशी राहतात, असे सरसकट म्हणता येत नाही.

प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे विवेचन करून हेच दाखविले. धान्य बाजारात असूनही ते विकत घेण्याची ऐपत ज्यांच्यापाशी उरत नाही, ते दुष्काळाचे बळी ठरतात. महाराष्ट्राने १९७२-७३ मध्ये या सत्याची दुसरी बाजू अनुभवली. लागोपाठच्या अवर्षणाने पिके बुडाली होती. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवरील सुकडी आजही वृद्धांच्या आठवणीत आहे. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पिकाने दगा दिला तरी मजुरी मिळत राहिली, म्हणून बंगालसारखी मनुष्यहानी टळली. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना आकारास आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला याच अनुभवाची पार्श्वभूमी होती.

यावरून असे दिसते की, बदलत्या हवामानात अन्नाची शाश्वती तीन गोष्टींवर अवलंबून राहील. वाईट वर्षातही काही तरी पदरात टाकणारे पीक हवे, ते पीक घेण्यापुरते पाणी शिवारात टिकले पाहिजे, आणि पिकलेले धान्य माणसांच्या ताटात पोहोचले पाहिजे. महाराष्ट्रातील लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे चार-पंचमांश जमीन कोरडवाहू आहे. म्हणून या तिन्ही गोष्टींचा विचार येथे ज्वारीच्या संदर्भात केला आहे.

ज्वारी पाण्याचा ताण कसा सोसते?

ज्वारी हे मूळचे ईशान्य आफ्रिकेतील पीक. हजारो वर्षांपूर्वी ते भारतात आले आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत रुजले. त्याच्या काटकपणाची कारणे वनस्पतिशास्त्राने उलगडलेली आहेत. ज्वारीची मुळे खोल जातात आणि जमिनीच्या खालच्या थरातील ओल ओढून घेतात. तिच्या पानांवर व ताटावर मेणासारखा पांढरट थर असतो, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते. पाण्याचा ताण पडला की पाने गुंडाळली जातात आणि झाडाची वाढ जणू थबकते. पाऊस आला की ते पुन्हा वाढीला लागते. याखेरीज ज्वारी, बाजरी, मका व ऊस ही पिके हवेतील कार्बन डायऑक्साइड पानात अधिक कार्यक्षमतेने गोळा करतात. त्यामुळे पर्णरंध्रे कमी उघडी ठेवूनही त्यांचे काम भागते आणि तेवढ्याच पाण्यात ती गहू किंवा तांदळापेक्षा अधिक वाढ करू शकतात. मका मात्र फुलोऱ्याच्या वेळी पाण्याचा ताण सोसत नाही. ज्वारी त्याहून अधिक चिवट आहे.

रब्बी ज्वारी तर पावसाळा संपता संपता पेरली जाते आणि जमिनीत साठलेल्या ओलीवरच बहुतांशी पोसली जाते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही शेतकऱ्यांच्या पसंतीचा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या पिकाचा दुसरा गुण म्हणजे कडबा. दाणा माणसाला आणि ताट जनावराला, अशी दुहेरी सोय ज्वारी करते. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या टंचाईत चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा कडब्याची पेंढी किती मोलाची असते, हे सर्वांना कळून चुकले.

मग क्षेत्र का घटले?

राज्याची स्थापना झाली त्या १९६०-६१ च्या वर्षात महाराष्ट्रात सुमारे ६३ लाख हेक्टरांवर ज्वारी होती. अलीकडच्या वर्षांत हे क्षेत्र २० लाख हेक्टरांच्याही खाली आले आहे. खरिपात तिची जागा मुख्यत्वे सोयाबीन व कापसाने घेतली. याचा दोष शेतकऱ्याला देणे अन्यायाचे होईल. त्याने जे केले ते हिशेब करूनच केले आहे.

रब्बी ज्वारीचे सरासरी उत्पादन हेक्टरी १० क्विंटलच्या आसपास घुटमळते. खरीप ज्वारी काढणीच्या सुमारास पाऊस आला की दाणा काळा पडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पाखरांची राखण, काढणी, कणसे खुडणे आणि मळणी यांना मजूर लागतात व ते वेळेवर मिळत नाहीत. आधारभूत किंमत जाहीर होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडीची किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये ठरली. परंतु किंमत जाहीर होणे आणि आपला माल त्या किमतीस प्रत्यक्ष विकला जाणे, यांत अंतर असते.

ताटाकडूनही ज्वारीची मागणी घटली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने कोट्यवधी कुटुंबांना धान्याचा हक्क दिला, ही मोठी गोष्ट होय. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळू लागले. कायद्यात भरडधान्याची तरतूद आहे, परंतु व्यवहारात शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळच मिळत आले. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी भाकरी होत होती, तेथे आता पोळी आणि भात होतो. भाकरी थापणे कष्टाचे आहे आणि ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही, हीही कारणे आहेतच. भारताच्या पुढाकाराने राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्यामुळे शहरांत या धान्यांना प्रतिष्ठा आली. आता ती प्रतिष्ठा पेरणाऱ्याच्या पदरात पडावयास हवी.

येथे एक आक्षेप रास्त आहे. हेक्टरी १० क्विंटल देणारे पीक १,००० कोटी माणसांना काय पोसणार? उत्तर असे की, ज्वारीने गव्हाची जागा घ्यावी, असे येथे सुचवावयाचे नाही. बागायती जमिनीत गहू आणि तांदूळ राहणारच. प्रश्न आहे तो ज्या जमिनीला पाणी नाही व मिळण्याची शक्यताही नाही, तिचा. तेथे चांगल्या वर्षी जास्त पैसा देणारे पण वाईट वर्षी काहीच न देणारे पीक घ्यावयाचे, की दोन्ही वर्षी घरात धान्य व गोठ्यात वैरण ठेवणारे पीक काही क्षेत्रावर तरी राखावयाचे, हा निर्णय आहे. वाईट वर्षांची संख्या जसजशी वाढेल, तसतसे या हिशेबाचे पारडे बदलेल.

संशोधनाने काय दिले?

कोरडवाहू शेतीचे संशोधन महाराष्ट्राला नवे नाही. १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे आणि १९३३ साली सोलापूर येथे त्याचा पाया घातला गेला. १९६४ साली देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण सी.एस.एच.-१ प्रसारित झाला. पाठोपाठ १९६५ साली संकरित बाजरी आली. या बाजरीने आरंभी उत्पादनात मोठी झेप घेतली, परंतु सर्वत्र एकाच वंशाचे बियाणे पसरल्यामुळे १९७० च्या दशकाच्या आरंभी केवडा रोगाने तिचे अतोनात नुकसान केले. एकाच वाणावर विसंबू नये, हा त्यातून मिळालेला धडा बदलत्या हवामानात अधिकच महत्त्वाचा आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीनुसार सुचविले आहेत. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा व फुले माऊली, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा व फुले यशोदा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परभणी मोती हा वाणही शेतकऱ्यांना परिचित आहे. पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा कालावधी योग्य मानला जातो. पेरणीपूर्वी, पावसाळ्यातच, शेतात लहान लहान बंदिस्त वाफे पाडले की पडलेले पाणी जागच्या जागी मुरते. या पद्धतीस भांडवल फारसे लागत नाही, परंतु ती वेळेवर करावी लागते. पीक पोटरीत असताना एखादे संरक्षित पाणी मिळाले, तर उत्पादनात चांगली भर पडते.

पाण्याचा ताळेबंद

हे एक पाणी कोठून आणावयाचे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्यासाठी साधे अंकगणित पुरेसे आहे, आणि ते शाळेतील मुलांनाही करता येईल. एका हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. १,००० हेक्टर शिवाराच्या गावात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०० कोटी लिटर पाणी पडते. २,००० वस्तीच्या गावाला दरडोई दररोज ५५ लिटर धरल्यास वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर पाणी पुरते. पडलेल्या पावसाच्या मानाने हे प्रमाण एक टक्काही नाही. अर्थात, पडलेले सारे पाणी हाती राहत नाही. बाष्पीभवन होते, काही वाहून जाते, काही पिके व झाडे पितात. तरीही टंचाई येते ती मुख्यतः पाणी अडविले न गेल्यामुळे आणि जे मुरले ते कोणत्या पिकाला द्यावयाचे, हे न ठरविल्यामुळे.

पुढचा हिशेब अधिक बोलका आहे. पाटपाण्याने घेतलेल्या एक हेक्टर उसाला वर्षभरात सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते. ज्वारीच्या एका हेक्टराला एक संरक्षित पाणी द्यावयाचे, तर सुमारे ६ लाख लिटर पुरतात. म्हणजे दोन हेक्टर उसाचे पाणी हे २,००० माणसांच्या वर्षभराच्या गरजेइतके आहे, आणि एका हेक्टर उसाच्या पाण्यात ३३ हेक्टर ज्वारीला एकेक पाणी देता येते. ऊस घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. परंतु टंचाईच्या गावात हा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला गेला पाहिजे.

तो मांडून पाहिलेली गावे राज्यात आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तेथे पाणी जमिनीच्या मालकीवरून न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवरून दिले गेले. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा होता, आणि ऊस वर्ज्य होता. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात जलसंधारणाची कामे झाली, शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यावर बंदी आली आणि दरवर्षी पावसाचे मोजमाप करून पिके ठरविण्याची पद्धत पडली. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून विदर्भ-मराठवाड्यातील व जळगाव जिल्ह्यातील पाच हजारांहून अधिक गावांत हवामानानुकूल शेतीची कामे हाती घेण्यात आली. त्यांतही गावाचा पाण्याचा ताळेबंद हा पाया होता. बंधारे अनेक गावांत झाले. परंतु ज्या गावांनी बंधाऱ्याबरोबर पाणी वापरण्याचा नियमही केला, तेथेच ते टिकले, हा या सर्व प्रयत्नांचा निष्कर्ष म्हणता येईल.

गावपातळीवर काय करता येईल?

वरील विवेचनातून ग्रामपंचायत, शाळा आणि शासकीय यंत्रणा यांना करता येण्याजोगी काही कामे स्पष्ट होतात.

पहिले काम मोजमापाचे. आता महसूल मंडळस्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, परंतु पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवारात पडत नाही. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांनी रोजची नोंद फळ्यावर लिहावी. त्याबरोबर गावातील चार-पाच विहिरींची पाणीपातळी मोजावी. पावसाळा संपताच, ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, या नोंदींवरून रब्बीचे नियोजन व्हावे. मुलांना भूगोल व गणित शिकविण्याचे याहून चांगले साधन मिळणे कठीण.

दुसरे काम बियाण्याचे. ज्वारीच्या सुधारित सरळ वाणांचे बियाणे शेतकऱ्याला घरचे राखता येते. प्रत्येक गावात जमिनीच्या प्रकारानुसार दोन-तीन वाणांचे बियाणे काही शेतकऱ्यांनी किंवा महिला बचत गटांनी राखून ठेवले, तर पेरणी लांबली किंवा दुबार पेरणीची वेळ आली तरी धावपळ होणार नाही.

तिसरे काम ताटाचे. अंगणवाडी, शालेय पोषण आहार, वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांतून आठवड्यातील काही दिवस ज्वारी-बाजरी-नाचणीचे पदार्थ देण्याची व्यवस्था झाली, तर मुलांच्या पोषणात भर पडेल आणि जवळच्या शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल. खरेदी केंद्रे वेळेवर उघडणे, साठवणुकीची सोय असणे आणि शिधापत्रिकेवर स्थानिक धान्य मिळणे या गोष्टी वरिष्ठ यंत्रणेच्या हाती आहेत. त्यांचा पाठपुरावा करणे मात्र तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांना शक्य आहे. भाव आणि खरेदी यांची हमी नसताना शेतकऱ्याला केवळ उपदेश करणे व्यर्थ आहे. हवामानाचा धोका सर्व समाजाचा असेल, तर तो एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी टाकता येणार नाही.

चौथे काम जोखमीचे. जलसंधारण, बांधबंदिस्ती आणि वृक्षलागवड ही कामे पीक बुडाल्यावर काढण्याची केवळ मदतकार्ये मानू नयेत. ती चांगल्या वर्षी आखून ठेवावी आणि गावाच्या विकास आराखड्यात अग्रक्रमाने घ्यावी. १९७२ मध्ये मजुरीने माणसे वाचली. त्या मजुरीतून माती आणि पाणी जेथे खरोखर अडले, तेथे पुढचा दुष्काळ सौम्य झाला.

शतकाच्या उत्तरार्धात जगातील माणसांची वाढ थांबेल, परंतु तोपर्यंतची वाट चढणीची आहे. त्या वाटेवर एखादा चमत्कारी वाण किंवा एकच मोठी योजना सर्वांना तारून नेईल, अशी अपेक्षा बाळगणे सुज्ञपणाचे नव्हे. हरितक्रांतीने सुपीक व बागायती प्रदेशाच्या बळावर देशाला उपासमारीतून बाहेर काढले. यापुढचा भार काही अंशी कोरडवाहू प्रदेशाने उचलावयाचा आहे. त्यासाठी लागणारे पीक आपल्या जमिनीला परके नाही आणि ज्ञानही उपलब्ध आहे. या वर्षी पावसाळा संपताच भरणाऱ्या ग्रामसभेत गावच्या पाण्याचा हिशेब फळ्यावर मांडला गेला आणि त्यावरून काही एकरांवर ज्वारी पेरण्याचे ठरले, तर जगाच्या या मोठ्या प्रश्नातील आपल्या वाट्याचे काम सुरू झाले, असे म्हणता येईल.